एक जोडी शिल्लक

३ ऑक्टोबर

वरची म्हणाली, "मावशी, ऑनलाइन दुकान काढायचं तर रोज काय केलं, काय सुचलं ते लिहून ठेवत जा. मला कामाला येईल." म्हणून ही वही. वरची म्हणजे वरच्या मजल्यावरची सून. घरी बसून लोकांच्या वेबसाइट बनवते. तिची माझी ओळख गच्चीतल्या दोरीवरून भांडताना झाली, त्यामुळे एकमेकींशी गोड बोलायची सक्ती नाही.

आज काय केलं: दुकान काढायचं ठरवलं. उरलेला दिवस पस्तावण्यात गेला.

४ ऑक्टोबर

ही वही वरचीला दाखवायची नाही. तिला हवं ते वेगळ्या कागदावर लिहून देईन.

तर झालं असं की बाजारातल्या लोकरवाल्याने दुकान बंद केलं. बावीस वर्षं आमचे हातमोजे त्याच्या काचेच्या कपाटात असायचे. आमचे म्हणजे माझे आणि धाकट्या बहिणीचे. उजवा हात मी विणायचा, डावा तिने. ही वाटणी आईची. लहानपणी अंगठा कोणी विणायचा यावरून आम्ही एकमेकींच्या झिंज्या उपटल्या, तेव्हा आईने सांगून टाकलं, हिचा उजवा, तिचा डावा, आता मला आवाज नको. तेव्हापासून मी आयुष्यात एकही डावा विणलेला नाही आणि तिने उजवा. माझी वीण घट्ट, तिची सैलसर. लोकरवाला म्हणायचा, तुमचा माल मी डोळे मिटून ओळखतो.

धाकटीचा हात भराभर चालायचा, ती कायम माझ्या पुढे असायची. त्यामुळे ती गेली तेव्हा ट्रंकेत चौतीस डावे निघाले, जोडीदार नसलेले. त्यांना मी उजवे विणते आहे. सोळा झाले.

चौतीस जोड्या होतील. घरात ठेवून काय करू? विकायलाच हव्यात.

५ ऑक्टोबर

कालचं वाचून पाहिलं. "ती गेली" असं लिहिलंय, जणू वारलीच. चांगली धडधाकट आहे. लग्न करून गेली, एकोणपन्नासाव्या वर्षी. आमचं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं होतं, ते दुरुस्त करायला एकजण आला. चार वेळा आला. एका घड्याळाला चार खेपा लागत नाहीत हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. घड्याळ सुरू झालं आणि घड्याळवाला बहीण घेऊन गेला, रात्रभराच्या प्रवासाइतक्या लांब.

जाताना मी तिला म्हटलं, "जा. तुझ्यावाचून माझं काही अडत नाही."

ती म्हणाली, "अडलं की कळव." आणि दार हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यानंतर तिचा फोन नाही आणि माझाही नाही.

९ ऑक्टोबर

फोटो काढले. वरचीने सांगितलं होतं, सकाळच्या उजेडात, पांढऱ्या चादरीवर. सकाळी जमलं नाही. संध्याकाळी काढले, तपकिरी सतरंजीवर.

वरचीने एकेक फोटो बोटाने सरकवत पाहिला. "मावशी, हे हातमोजे आहेत की वांगी?"

"नीट बघ की. पाठीवर पान विणलेलं दिसतंय."

"उजव्यावरचं दिसतंय. डावा कुठाय?"

डावा खाली होता. उजवा वर ठेवला होता, म्हणून दिसत नव्हता. मी म्हटलं, जोडी अशीच ठेवतात. तिने ते फोटो आत घातले. मला वाटतं चांगले आले आहेत.

१२ ऑक्टोबर

"आमच्याविषयी" नावाचं एक पान लागतं. दुकान कोणाचं, का काढलं, हे लोकांना वाचायला आवडतं म्हणे. मी लिहिलं: "आम्ही दोघी बहिणी हातमोजे विणतो. एकीचा उजवा, एकीचा डावा."

वरची म्हणाली, "छानच आहे हे. दोघींचा फोटो द्या."

"दुसरी बाहेरगावी असते."

"मग विणते कशी?"

"विणून ठेवलेत."

"म्हणजे आता विणत नाही. मग 'विणतो' कसं लिहायचं? 'विणायचो' लिहू या."

मी म्हटलं, राहू दे जसं आहे तसं. व्याकरण शिकवायला आली मला.

१३ ऑक्टोबर

"विणायचो" लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल ती मेली.

२१ ऑक्टोबर

दुकान उघडलं. म्हणजे वरचीने एक कळ दाबली आणि म्हणाली, उघडलं. नारळ नाही, कात्री नाही, काही नाही. आम्ही चहा घेतला.

माझ्या आग्रहाने एक गोष्ट केली आहे. विकत घेण्याआधी गिऱ्हाइकाने हाताची सात मापं भरायची. तळव्याची रुंदी, मनगटाचा घेर, पाचही बोटांची लांबी. शिवाय खाली मी एक सूचना टाकली: "हे हातमोजे सगळ्यांना आवडतीलच असे नाही. नीट विचार करून घ्यावेत." वरचीने कपाळाला हात लावला. मी म्हटलं, प्रामाणिकपणा नावाची काही चीज असते.

२ नोव्हेंबर

बारा दिवसांत एकही जोडी गेली नाही. वरचीने आत जाऊन पाहिलं तर एकशे चाळीस माणसं येऊन गेली. सगळी मापांच्या पानापर्यंत येतात आणि तिथून पळतात.

बरं वाटलं. म्हणजे वाईट वाटलं. पण एवढं नाही.

५ नोव्हेंबर

वरची आज कमरेला पदर खोचून आली. साडी नेसत नाही, पण आवेश तोच. म्हणाली, "मावशी, तुम्हाला हे विकायचेत की नाही, एकदा सांगा."

"विकायचे नसते तर दुकान कशाला काढलं असतं?"

"मग मला करू द्या."

आणि तिने सगळं बदललं. सात मापांची तीन केली: लहान, मध्यम, मोठं. माझी सूचना काढून टाकली. डावा स्वतःच्या हातात घातला, खिडकीशी उभी राहिली आणि नवऱ्याला फोटो काढायला लावला. डावाच का, विचारलं तर म्हणते, उजव्या हाताने कप धरलाय ना. फोटो मोठा करून पहिल्या पानावर लावला. धाकटीचं पान, पाच टोकांचं, देठ किंचित वाकडा. ती देठ नेहमी वाकडा घालते आणि विचारलं की म्हणते, वाऱ्यावर आहे.

आणखी एक केलं तिने. फोटोखाली आकडा घातला. "फक्त ३४ जोड्या शिल्लक." म्हणे, आकडा दिसला की लोक घाई करतात.

मी म्हटलं, "लोकांना घाई कशाला करायला लावायची?"

तिने आकडा आणखी ठळक केला.

७ नोव्हेंबर

पहिली ऑर्डर. कोणी शाळेतल्या बाई आहेत. जोडी कागदात गुंडाळली, परत उघडली, परत गुंडाळली. कुरियरवाला दारात उभा होता, म्हणाला, बाई, काच आहे का आत?

आकडा तेहेतीस झाला. आपोआप होतो. मला वाटलं होतं मी जाऊन बदलायचा असेल.

१२ नोव्हेंबर

अठ्ठावीस.

१८ नोव्हेंबर

आज तिला जाऊन वर्ष झालं. मी काही वर्षश्राद्ध घालत नाहीये, नुसती नोंद.

घरात दोनच खोल्या, त्यात एवढी जागा कुठून आली कळत नाही. आमचा दिवस कसा ठरलेला असायचा. दीडला जेवण, मग भांडी, मग सव्वादोनला खिडकीपाशी दोन खुर्च्या, सुया हातात. पाचपर्यंत कोणी बोलत नसे. बोलायला काय होतं? ती मधूनच "ताई, मोज" म्हणायची आणि स्वतःचं विणकाम माझ्या मांडीवर टाकायची, कारण तिला टाके मोजताना आकडे चुकायचे. मी मोजून परत द्यायची. आज मी सव्वादोनला बसले आणि दुसरी खुर्ची आतल्या खोलीत नेऊन ठेवली. मग पाचला परत आणली. ती तिथे नसली की खिडकी वाकडी दिसते.

त्या घड्याळवाल्याच्या घरी तिला टाके कोण मोजून देतं? पण ती विणत तरी असेल का? तिकडे सुखात असेल. माझी आठवण यायला तिला वेळ कुठे आहे?

२६ नोव्हेंबर

त्या शाळेतल्या बाईंनी दुकानाच्या पानावर अभिप्राय लिहिला. पाचपैकी पाच तारे. "ऊबदार, सुंदर. गंमत म्हणजे डावा उजव्यापेक्षा मऊ आहे. बसमध्ये बसले की डावा हात गालाला लावून ठेवते."

मी खाली उत्तर लिहिलं: "उजवाही तितक्याच मेहनतीने विणलेला आहे."

वरची जिना उतरून धावत आली आणि उत्तर पुसलं. म्हणाली, "मावशी, पाच तारे दिलेल्या बाईशी कोण भांडतं?"

४ डिसेंबर

एकोणीस. थंडी वाढली आहे आणि त्या बाईंचा अभिप्राय वाचून लोक येत आहेत. एकाने तर ऑर्डर करताना लिहिलं, "नुसते दोन डावे मिळतील का?" याला काय म्हणावं?

मी वरचीला सांगितलं, उजवे तयार नाहीत, थोडे दिवस थांबव. ती सरळ आत आली, ट्रंक उघडली आणि मोजले. सगळे तयार होते. चौतीसच्या चौतीस मी नोव्हेंबरातच संपवले होते. माझ्या लक्षात नव्हतं.

"मावशी," ती ट्रंकेपाशी बसूनच म्हणाली, "डावे संपले की पुढे काय?"

"पुढचं पुढे."

"तुम्हीच विणा ना डावे. उजव्याचं उलटं करायचं, एवढंच ना?"

एवढंच ना, म्हणे. मी तिला सांगितलं, तुझं बाळ वर रडतंय. रडत नव्हतं.

९ डिसेंबर

डावा विणायला घेतला. मला कोणी सांगितलं म्हणून नाही, हात रिकामे होते म्हणून. मनगटाची पट्टी दोन्ही हातांना सारखीच, तिथवर ठीक झालं. मग अंगठ्याची जागा आली. तो दुसऱ्या बाजूला घ्यायचा, डोक्याला पक्कं माहीत होतं.

चार दिवस लागले. घालून पाहिला तर उजवा.

१४ डिसेंबर

पुन्हा उजवाच झाला. या खेपेला मी कागदावर हात ठेवून आकृती काढली होती, बाण दाखवले होते, वर ठळक "डावा" लिहून कागद समोर टांगला होता. विणताना बघत होते त्याच्याकडे. हातांना वाचता येत नाही. चाळीस वर्षं ज्या वळणाने गेले त्याच वळणाने गेले.

बसून हसले. मग हसू आलं तसं गेलं. तिला सांगण्यासारखी गोष्ट होती. ती इतकी हसली असती की तिला ठसका लागला असता.

२२ डिसेंबर

बारा. वरची खूष आहे. तिने पानाचा रंग बदलला, अक्षरं मोठी केली, पैसे भरायच्या तीन पायऱ्या होत्या त्या दोन केल्या. "आता बघा कसं लोण्यासारखं चालतं," म्हणाली. मलाही आतून दुकान कसं चालवायचं ते शिकवलं. कुठे आकडा बदलायचा, कुठल्या गावांना माल पाठवायचा त्याच्या खुणा कुठे करायच्या, सगळं. म्हणाली, मी नसले तर तुमचं अडायला नको.

मी म्हटलं, माझं काही अडत नाही. म्हणताक्षणी जीभ चावली. त्या बिचारीला काय माहीत.

३ जानेवारी

सहा.

४ जानेवारी

उरलेले सहा डावे काढून अंथरुणावर मांडले. सगळे एकाच वेळचे नाहीत. एकाच्या मनगटावर हिरवी पट्टी आहे, ती आई आजारी होती तेव्हाची लोकर. एकाच्या तर्जनीत एक टाका सुटलेला आहे. तिने तो तसाच ठेवला, आणि मला कळू नये म्हणून वरून गाठ मारली. मी तेव्हाच पाहिलं होतं, बोलले नाही. आज त्या गाठीवरून बोट फिरवलं.

फोन उचलला होता. नंबर अजून पाठ आहे. पण सुरुवात काय करणार? "काय गं, कशी आहेस?" वर्षभराने? आणि ती म्हणाली, "अडलं का?" तर?

मी काही अडून बसलेली नाही. मला तिची आठवण येते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

११ जानेवारी

तीन. वरचीने आज मला एक गंमत दाखवली. दुकानात कोण येतं, किती वेळ थांबतं, सगळं दिसतं आतून. नावं नाही दिसत, पण फोन ओळखू येतो. "हा बघा मावशी, हा एक फोन. दुकान उघडल्यापासून रोज येतो. रोज. सव्वादोनच्या सुमाराला. अर्धं मिनिट थांबतो आणि जातो. काही घेत नाही."

मी म्हटलं, कोणी रिकामटेकडं असेल.

"रोज कोण येईल हो नुसतं बघायला?"

"लोकांना उद्योग नसतात."

खरंच, दुपारी सव्वादोनला कोणाला एवढा वेळ असतो?

१९ जानेवारी

एकाच दिवशी दोन गेल्या. एक जोडी उरली. हिरव्या पट्टीची.

वरची वर बाळाला झोपवत होती. मी दुकान आतून उघडलं. आकड्याला हात लावला नाही, तो खरा आहे, खोटं कशाला लिहायचं? माल कुठे कुठे पाठवायचा त्या यादीत गेले आणि गावांवरच्या खुणा एकेक करून काढल्या. सगळ्या. आता जोडी दिसते, किंमत दिसते, बटणही दाबलं जातं, पण पत्ता घातला की "या ठिकाणी पाठवता येत नाही" असं येतं.

थोड्या दिवसांसाठी. जोडी तपासायची आहे मला.

२७ जानेवारी

अजून तपासते आहे.

५ फेब्रुवारी

वरची म्हणाली, आश्चर्य आहे, एवढ्या थंडीत शेवटची जोडी जात कशी नाही? मी म्हटलं, शेवटचं कोणाला नको असतं. ती म्हणाली, उलट असतं मावशी. मी विषय बदलला.

ती म्हणते, नवीन काहीतरी काढू, टोप्या काढू. टोपीला डावं-उजवं नसतं. चांगली सूचना आहे. मी विचार करते म्हटलं. टोपी एकटीलाच विणता येते.

११ फेब्रुवारी

आजचं सगळं लिहून काढते, जसं झालं तसं.

सकाळी दहाच्या सुमाराला दुकानाच्या नंबरवर फोन आला. बाप्या माणूस. "नमस्कार. ते हातमोज्यांचं दुकान ना? एक जोडी शिल्लक दिसते. घ्यायची होती, पण पत्ता घातला की पाठवता येत नाही म्हणतं."

मी दुकानदाराच्या आवाजात म्हटलं, "काही गावांना आम्ही पाठवत नाही."

"तसं नाही हो. मी आमचा पत्ता घालून पाहिला, माझ्या दुकानाचा घातला, मित्राचा घातला. शेवटी तुमचाच घातला. तुमच्याही घरी पाठवता येत नाही म्हणतं."

माझा पत्ता दुकानाच्या पानावर कुठेही लिहिलेला नाही.

"ताई," तो म्हणाला, "मी बोलतोय."

मी म्हटलं, "घड्याळ व्यवस्थित चालू आहे." मला दुसरं काही सुचलंच नाही.

"ते चालणारच. मला दुसरं सांगायचं होतं. मी फोन केला हे तिला माहीत नाही, आणि कळलं तर माझी धडगत नाही." मग एक दम घेतला आणि सांगत सुटला. "ती रोज जेवण झालं की फोन काढते, तुमचं दुकान उघडते, आकडा बघते आणि ठेवून देते. तुमचं दुकान उघडलं त्या दिवसापासून, लोकरवाल्याने तिला कळवलं तेव्हापासून. चौतीस होते तेव्हा म्हणाली, ताई हे कधी विकायची नाही. एकोणीस झाले तेव्हा दिवसभर गुणगुणत होती. तीन झाले तेव्हा माळ्यावरून बॅग काढली. मी विचारलं, कुठे? तर म्हणते, शून्य झालं की ताई बोलावणार. तिला डावा येत नाही. तिला मला बोलवावंच लागेल."

दुसऱ्या खुर्चीत बसले, तिच्या.

"मी म्हटलं, तशीच जा की," तो म्हणाला. "तर म्हणते, न बोलावता कशी जाऊ? ताई म्हणाली होती, तुझ्यावाचून अडत नाही. आता हा एक अडकलाय तीन आठवडे. बॅग पलंगाखाली भरलेली आहे. रोज दुपारी बघते आणि रोज थोडी थोडी गप्प होत चालली आहे. म्हणून म्हटलं, जोडी मीच घेऊन टाकतो. तुमचं बटण काय बिघडलंय ते जरा बघाल का?"

मी त्याला काय सांगणार? आकडा शून्यावर जाऊ नये म्हणून मी इथे खुणा पुसत बसले होते आणि ती तिकडे भरलेली बॅग घेऊन शून्याची वाट बघत होती. इतकी मूर्ख बाई मी पाहिलेली नाही. मला तिची इतकी आठवण येते की दुपारी चहा दोन कप होतो आणि दुसरा ओतून देताना मी स्वतःला सांगते, साखर जास्त झाली होती. वर्षभर सांगते आहे. आणि ती रोज सव्वादोनला माझ्या दारापर्यंत येऊन जात होती.

म्हटलं, "बिघडलं नव्हतं. मी बंद केलं होतं."

"का?"

"तपासत होते."

तो नुसतं "बरं" म्हणाला. समजूतदार माणूस आहे, हे आज पहिल्यांदा लिहिते आहे. मी त्याला थांबा म्हटलं, दुकान आतून उघडलं, गावांच्या यादीत गेले. कोणत्या गावावर खूण करायची, ते त्यालाच विचारलं, "पत्ता कुठला घालताय?"

"तुमचाच घालतो. ती आली की तिच्या हातात द्या. परत येताना घेऊन येईल."

मी आमच्या गावावर खूण केली. त्याने तिकडे बटण दाबलं असेल. माझ्या समोर आकडा बदलला आणि त्याच्या जागी "संपले" असं आलं. मला वाटलं होतं ते बघताना मी मोडून पडेन. मी फक्त बघितलं.

"झालं," तो म्हणाला. "आता दुपारी बघेल. तुम्ही तिला फोन कराल ना?"

"करते. सव्वादोनला करते."

मग तो फोन ठेवेना. मला त्याच्या दुकानातली घड्याळं ऐकू येत होती, सगळी वेगवेगळी चाललेली. शेवटी म्हणाला, "ताई, एक विचारू? रागावू नका. तिला इथे करमतं असं मला वाटतं. तिने तसं कधी सांगितलं नाही, पण वाटतं. ती तिथे आली, खिडकीपाशी बसली, तुमच्याबरोबर..." आणि थांबला. "परत पाठवाल ना तिला?"

तेव्हा मला कळलं की हा माणूस शेवटची जोडी विकत घ्यायला निघाला होता ती बायको परत येणार नाही ही भीती मनात असतानाच. मलाही तीन आठवडे तसलीच भीती होती, फक्त मी भिऊन बटण बंद केलं आणि त्याने ते दाबलं.

नाही म्हणावंसं वाटलं. खोटं कशाला लिहू? तोंडात आलं होतं, बघू म्हणून. तिची खुर्ची, सव्वादोन, "ताई, मोज", सगळं माझ्या दारात येऊन उभं होतं, आणि एक "बघू" म्हटलं असतं तर तो माणूस पुढे काही बोलला नसता. ती लग्न करून गेली तेव्हाही मला विचारून गेली नव्हती, हे मला आत्ताच आठवलं. जायचं होतं म्हणून गेली.

"पाठवीन," मी म्हटलं.

"काय म्हणालात, ताई? घड्याळांमुळे ऐकू आलं नाही."

खरं तर मीच फार हळू बोलले होते. मग मी मोठ्याने, एकेक अक्षर वेगळं करून, पुन्हा सांगितलं.